ऑपरेशननंतरचं दुखणं अंगात मुरू देऊ नका

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन तीन महिने उलटले, टाके कधीच वाळले, तरी छातीत, काखेत नाहीतर दंडाच्या आतल्या बाजूला दुखतंच आहे. तपासणीत जंतुसंसर्ग नाही, आजार परत आल्याचंही दिसत नाही. अशा दुखण्याला डॉक्टर शस्त्रक्रियेनंतरचं जुनाट दुखणं म्हणतात, आणि ते मुळीच क्वचित होत नाही. डेन्मार्कमधल्या तीन हजारांहून जास्त बायकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशनला दोन-तीन वर्षं झाल्यावरही त्यातल्या ४७ टक्के जणींना दुखत होतं, आणि दुखणाऱ्यांपैकी साधारण आठातल्या एकीचं दुखणं तीव्र होतं.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात या दुखण्याची तक्रारच उशिरा होते. "जीव वाचला न्हवं, मग हात दुखला तर दुखला की" असं घरातलेच म्हणतात आणि बाईसुद्धा तेच धरून चालते. या सोसण्याचं कौतुक करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत जिला जास्त दुखतं, तिचं दुखणं पुढे टिकण्याची शक्यता जास्त असते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. कमी वय, ऑपरेशनच्या आधीपासून असलेलं दुखणं, काखेतल्या गाठी (प्रत्येकीच्या काखेत असणाऱ्या लसिकाग्रंथी, जिथे स्तनातला रोग आधी पसरतो) सरसकट काढणं आणि रेडिएशन ही बाकीची मोठी कारणं. वय बदलता येत नाही. रेडिएशन लागणार असेल तर घ्यावंच लागतं. पण उरलेल्यांवर काही ना काही करता येतं, आणि त्यातलं बरंचसं काम ऑपरेशनच्या आधी आणि नंतरच्या सहा आठवड्यांत उरकायचं असतं.

नस कुठली आणि बिघडतं काय

दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून एक बारीक नस बाहेर पडते, काखेतल्या चरबीतून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या कातडीत पसरते. तिचं काम फक्त स्पर्श, ऊन-थंड आणि वेदना कळवण्याचं. हात हलवण्याशी तिचा संबंध नाही. काखेतल्या गाठी याच चरबीत असतात. त्या काढताना ही नस ताणली जाते, कधी कापावी लागते, कधी कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाच्या, उष्णतेने भाजते, आणि कधी नंतर धरणाऱ्या व्रणात अडकते. म्हणून काखेत आणि दंडाच्या आत बधिरपणा येतो. बहुतेकींचा तेवढाच राहतो आणि सवयीचा होतो. काहींच्या बाबतीत दुखावलेली नस विनाकारण संदेश पाठवत राहते, आणि बधिर जागेतच आग होते. "हात लावला तर कळत नाही, आणि जळतंय मात्र" हे ऐकून घरच्यांना बाई नाटक करते असं वाटतं. ते नाटक नाही, दुखावलेल्या नसेची खूणच तशी आहे.

असे संदेश रात्रंदिवस येत राहिले की पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या यंत्रणा जास्त हळव्या होतात. गणपतीच्या मांडवातल्या स्पीकरचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवून निघून जावं तसं होतं. मग ब्लाउजची शिवण घासली तरी झोंबतं. सुरुवातीची वेदना नीट आटोक्यात ठेवायची ती यासाठीच. दुसरं कारण त्याहून साधं आहे. दुखतं म्हणून बाई हात पोटाशी धरून बसते, दोन-तीन आठवड्यांत छातीचे स्नायू आखडतात, खांदा धरतो, आणि नसेच्या दुखण्यावर खांद्याचं दुखणं चढतं. साखर असलेल्या बाईचा खांदा तर फार लवकर धरतो.

ऑपरेशनच्या आधी विचारायचं ते

सर्जनला पहिला प्रश्न काखेबद्दल विचारा. काखेतल्या सगळ्या गाठी काढायच्या आहेत, की निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून, रोग आधी जिथे पोचतो त्या पहिल्या एक-दोन-तीन गाठी शोधून तेवढ्याच तपासायच्या आहेत? दुसऱ्या पद्धतीत नसेला इजा कमी होते, हाताची सूज आणि दुखणंही कमी. तपासणीत काखेत गाठ लागलेली नसेल तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आधी किमो देऊन काखेतली गाठ विरघळली असेल, तर काही जणींना तेव्हाही हा पर्याय मिळू शकतो. स्तनातली लहान गाठ, स्तन राखून केलेलं ऑपरेशन, पुढे पूर्ण स्तनाला रेडिएशन आणि पहिल्या गाठींपैकी एक किंवा दोनमध्येच रोग, अशा बायकांची उरलेली काख सरसकट साफ करायची गरज नाही हे २०११ पासून माहीत आहे. काखेत रोग जास्त असेल तर मात्र सगळ्या गाठी काढाव्याच लागतात. दुखण्याच्या भीतीने तिथे हात आखडून चालत नाही.

ती नस जपता येईल का, हेही विचारा. जपली तर बधिरपणा कमी राहतो. दुखणं कमी होतं का, यावरचा पुरावा तितका ठाम नाही. पण विचारलं की सर्जनचं लक्ष तिकडे जातं.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटतात. तेव्हा गप्प बसू नका. पूर्ण भुलीच्या जोडीला छातीचा ब्लॉक देणार का ते विचारा. मणक्याशेजारी किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये, सोनोग्राफीत बघत, बुपिव्हाकेनसारखं बधिर करणारं औषध सोडतात. एका इंजेक्शनचा परिणाम बहुधा १२ ते २४ तास टिकतो. २०१८ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार अशा ब्लॉकमुळे सुमारे सात बायकांमागे एकीचं जुनाट दुखणं टळतं. मग २०१९ मध्ये दोन हजारांहून जास्त बायकांवरचा अभ्यास आला. त्यात ब्लॉक घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखणाऱ्यांचं प्रमाण सारखंच, ५२ टक्के निघालं. माझं मत असं की पहिल्या दिवसाची वेदना, मळमळ आणि जड गुंगीची औषधं कमी व्हावीत म्हणून ब्लॉक जरूर घ्यावा. पुढचं दुखणं त्याने टळेलच असं धरून चालू नये. एकाच गोळीवर किंवा एकाच सुईवर हे काम सोडता येत नाही.

टाटा मेमोरियलच्या अभ्यासातल्या इंजेक्शनबद्दल लोक विचारतात, म्हणून जाता जाता सांगतो. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी स्तनातल्या गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचण्याचा तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा उद्देश रोग परत येणं कमी करणं हा होता, दुखणं थांबवणं नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

आधीपासून मान किंवा खांदा दुखत असेल तर तेही सांगा, आणि आठ-दहा दिवस हाताशी असतील तर ऑपरेशनआधीच फिजिओथेरपी सुरू करा. झोप लागत नसेल, भीतीने पोटात गोळा येत असेल, तर तेही लपवू नका. जास्त भीती आणि अपुरी झोप यांचा पुढच्या दुखण्याशी संबंध आहे, आणि दोन्हींवर उपाय होतो.

घरी एक काम करून ठेवा. भिंतीला समोर तोंड करून उभं राहा, दोन्ही हात भिंतीवरून वर सरकवा आणि बोटं पोचतात तिथे पेन्सिलने खूण करा. मग भिंत बाजूला घेऊन एकेका हाताची तशीच खूण करा. शिंप्याच्या टेपने दोन्ही हातांचा घेर कोपराच्या वर १० सेंटिमीटरवर आणि खाली १० सेंटिमीटरवर मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. नंतर हात किती मागे पडला आणि सुजला का, हे याच खुणांवरून कळतं. अंदाजाने कळत नाही.

पहिला आठवडा: गोळ्या घड्याळावर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ब्लॉक चालू असताना बाईला काही दुखत नाही, म्हणून ती गोळी नाकारते. रात्री ब्लॉक उतरतो, वेदना एकदम उसळते, आणि पहाटे तीनला नर्सला हाक मारावी लागते. गोळी ब्लॉक उतरायच्या आधी पोटात गेली पाहिजे, आणि पुढचे चार-पाच दिवस ठरलेल्या वेळी, दुखो वा न दुखो.

पाया पॅरासिटामॉलचा. वजन ५० किलोच्या वर असेल तर दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत, दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही. आपल्याकडे बऱ्याच बायका चाळीस-पंचेचाळीस किलोच्या असतात. त्यांच्यासाठी मात्रा किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या बाईला एका वेळी साधारण ६०० मिलिग्रॅम. यकृताचा आजार असेल तर डॉक्टर याहूनही कमी देतात. जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी सूज कमी करणारी गोळी जेवणानंतर, पण मूत्रपिंड, अल्सर किंवा हृदयाचा त्रास नसेल तरच. या दोन्हींवर भागलं नाही तर ट्रॅमाडॉल, गरजेपुरतं. त्याने मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत मागून घ्या.

मेडिकलमधून मिळणाऱ्या 'दुखण्याच्या गोळी'त बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं: असेक्लोफिनॅकसोबत, ट्रॅमाडॉलसोबत, सर्दीच्या गोळीतही. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांमधून तेच औषध तिप्पट पोटात जातं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर घरातल्या शिकणाऱ्या पोरांकडून वाचून घ्या. किमो चालू झाल्यावर आणखी एक नियम पाळा: पॅरासिटामॉल घेण्याआधी थर्मामीटर लावायचा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. किमोत पांढऱ्या पेशी कमी असताना ताप झाकला गेला तर जिवावर बेततं.

वॉर्डात नर्स कन्नडमध्ये विचारेल, "नोवु ऐतेनु?" (दुखतंय का?) आणि आपली बाई मान हलवून "नाही" म्हणेल, कारण पडून राहिल्यावर खरंच दुखत नसतं. आकड्यात सांगा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. पडून असताना किती, खोकताना किती आणि हात उचलताना किती, असे तीन वेगळे आकडे. हात उचलताना आकडा चारच्या वर असेल तर व्यायाम होणार नाही, आणि मग औषध वाढवायलाच हवं.

नसेच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिन या गोळ्या ऑपरेशनच्या आसपास सरसकट देण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. जुनाट दुखणं त्यांनी टळतं याचा भक्कम पुरावा नाही, आणि वयस्कर बाईला गुंगी येऊन ती रात्री बाथरूमला जाताना पडते. नसेचं दुखणं खरंच सुरू झालं असेल तर गोष्ट वेगळी. ते पुढे येतं.

हात कधी, किती

"टाके तुटतील, हात हलवू नकोस." हा सल्ला शेजारीण देते, सासू देते, कधी दवाखान्यातलेही देतात. त्यात तथ्य आहे ते एवढंच: पहिल्या आठवड्यात हात खांद्याच्या वर नेला तर ड्रेनमधून (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून) पाणी जास्त येतं आणि नळी जास्त दिवस ठेवावी लागते. पण हात बांधून ठेवा असा त्याचा अर्थ होत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी: मूठ उघड-मीट, मनगट गोल, कोपर वाकवणं-सरळ करणं, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पाच लांब श्वास, बरगड्या फुगतील असे. खांदे वर उचलून मागे फिरवून खाली सोडणं आणि दोन्ही फरे एकमेकांकडे ओढणं, पाच-पाच वेळा. झोपताना हाताखाली उशी, कोपर छातीपासून थोडं लांब. जेवण, दात घासणं, कोपर टेबलावर टेकवून केस विंचरणं त्याच हाताने करा. हात पुढे आणि बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायला हरकत नाही. त्याच्या वर नाही.

सात ते दहा दिवसांनी, सर्जनने जखम बघून होकार दिला की, डोक्याच्या वरचे व्यायाम सुरू होतात. ड्रेन साधारण २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आला की काढतात. दवाखान्यागणिक आकडा थोडा बदलतो. ड्रेनची डबी रोज एकाच वेळी रिकामी करून आकडा वहीत लिहा. भिंतीवर बोटं चढवणं, आधी समोरून, मग बाजूने. वर पोचल्यावर पाच सेकंद थांबा, पुढच्या आठवड्यात पंधरा, मग तीस. पाठीवर झोपून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरून डोक्यामागे नेणं. चांगला हात दुखऱ्या हाताला ओढतो. दोन्ही तळवे मानेमागे धरून कोपरं बाजूला उघडणं. टॉवेल पाठीमागे धरून हूक लावतो तसा हात वर ओढणं. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ब्रिटनमध्ये खांदा धरण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायकांपैकी निम्म्या जणींना असा आखीव कार्यक्रम सात ते दहा दिवसांनी सुरू करून दिला गेला. वर्षभराने बाकीच्यांपेक्षा त्यांचा हात जास्त चालत होता, दुखणं कमी होतं, आणि जखमेचा त्रास वाढला नाही. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये. व्यायामात आकडा तीन-चारपर्यंत गेला आणि तासाभरात उतरला तर ठीक. दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. ज्यांनी त्याच वेळी स्तनाची पुनर्रचना करून घेतली आहे, त्यांनी सर्जनने घातलेल्या मर्यादा पाळाव्यात. त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

सहा आठवड्यांनी वजन सुरू करा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. त्रास न झाल्यास दर पंधरा दिवसांनी थोडं वाढवा. वजन उचललं की हात सुजतो ही भीती जुनी आहे. हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाने सूज वाढत नाही, हे २००९ मध्येच दाखवलं गेलं आहे. एकदम भरली घागर उचलणं मात्र वेगळं.

घरचं आणि शेतातलं काम

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांचा खांदा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. मांडीवर सूप, मान खाली, खांदे पुढे, तासन् तास. छातीचे स्नायू आखडायला याहून सोयीची बैठक नाही. सूप मांडीवरून उचलून पाटावर किंवा छोट्या चौरंगावर ठेवा, म्हणजे कोपरांना आधार मिळतो. पाठ भिंतीला टेका. दर अर्ध्या तासाने उठून फरे पाच वेळा मागे ओढा. वडगाव-शहापूरकडे मागावर काम करणाऱ्यांनाही हेच.

भाकरी थापताना सगळं अंग तळव्यावर येतं. चौथ्या आठवड्यापासून दोन-तीन भाकऱ्या, उभं राहून ओट्यावर, आणि पीठ मळायचं काम दुसऱ्याकडे. धुणं पिळणं, हंडा उचलणं, मोळी डोक्यावर घेणं सहा आठवड्यांच्या आत नाही. धार काढायला हरकत नाही, पण पाच मिनिटांनी हात बदला. भांगलणीला आणि उसाच्या फडात जाताना लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. उसाच्या पातीचा काप साबणाने धुऊन औषध लावा. त्या हाताला जंतुसंसर्ग झाला की सूज येते, आणि सुजेमागून दुखणं येतंच.

शेकण्याची पिशवी बधिर जागेवर ठेवू नका. कातडी भाजते आणि कळतही नाही. तव्याशी, चुलीशी काम करताना दंडाच्या आतल्या बाजूकडे डोळ्यांनी लक्ष ठेवा, स्पर्शावर विसंबू नका. बिब्बा लावणं, डाग देणं तर मुळीच नको. दुखावलेल्या नसेवर आणखी एक जखम होते, एवढंच.

ब्लाउज पुढून उघडणारा, बाही सैल, काखेत जाड शिवण नको. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर पदराचा सगळा भार त्याच खांद्यावर येतो. काही आठवडे हलकी सुती साडी नेसा आणि पिन व्रणापासून दूर लावा. एक स्तन काढल्यावर शरीर एका बाजूला झुकतं आणि मान-पाठ दुखायला लागते, विशेषतः दुसरा स्तन जड असेल तर. सुरुवातीला कापसाची हलकी भर, आणि जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, वजनाचा कृत्रिम स्तन. शिंप्याला सांगून ब्लाउजला आतून खिसा शिवून घेतला की तो जागेवर राहतो.

मधेच उपटणारे त्रास

दोन-तीन आठवड्यांनी हात वर नेताना काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसते. बायका घाबरून हात उचलणंच सोडतात. ही दोरी बहुधा बंद पडलेल्या लसिकावाहिन्यांची असते, धोक्याची नसते, आणि ताणाचे व्यायाम चालू ठेवले की बहुतेकींची तीन महिन्यांत जाते. फिजिओथेरपिस्टकडून हाताने सोडवून घेतली तर लवकर सुटते.

ड्रेन काढल्यावर काखेत पाणी साठून फुगवटा आला तर घरी दाबू नका. दवाखान्यात सुईने काढतात. तेवढे दोन-चार दिवस डोक्यावरचे व्यायाम थांबवा, खालचे चालू ठेवा.

सुजेची पहिली बातमी काकणं देतात. नेहमीची काकणं चढेनाशी झाली, अंगठी रुतायला लागली, किंवा टेपवर दोन सेंटिमीटरचा फरक आला, की थांबू नका. सुरुवातीच्या सुजेवर दाब देणारी पट्टी, तशीच घट्ट बाही आणि मालिश यांचा उपयोग होतो. हात जड होऊन घट्ट झाल्यावर कष्ट वाढतात. बीपी आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला घ्या, पण एखाद्या वेळी त्याच हातातून रक्त घेतलं म्हणून रात्रभर जागायची गरज नाही.

जखम पूर्ण मिटल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, खोबरेल तेलाच्या दोन थेंबांनी व्रणावर बोट गोल फिरवा, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. कातडी खालच्या थरावरून सरकली पाहिजे. जिथे कपडा झोंबतो तिथे आधी कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल, असं हळूहळू खरबरीत करत न्या. रेडिएशन चालू असताना मात्र त्या जागेला तेल लावण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारा.

रेडिएशनसाठी हात डोक्यावर धरून न हलता पंधरा-वीस मिनिटं पडून राहावं लागतं. खांदा धरला असेल तर मोजमापाच्या दिवशीच अडतं, तारीख पुढे जाते, किंवा बाई दात-ओठ खात पडून राहते. आणि रेडिएशनने व्रण आणखी घट्ट होतो, म्हणून ते संपल्यावरही निदान वर्षभर ताणाचे व्यायाम सोडू नका. भिंतीवरच्या जुन्या खुणेपर्यंत हात पोचला नसेल तर मोजमापाच्या आधी फिजिओथेरपी वाढवून घ्या.

त्यासाठी वेगळी फेरी करावी लागत नाही. बरेचसे किमो दर २१ दिवसांनी असतात. त्याच दिवशी फिजिओच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं हात दाखवता येतो. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे बेळगाव किंवा हुबळीची फेरी खर्चात बसते. मिरज-कोल्हापूरला उपचार असतील तर रोजचे व्यायाम जवळच्या फिजिओकडे लावून घ्या. बसमध्ये वरची दांडी दुखऱ्या हाताने धरून उभं राहू नका. एक ब्रेक लागला की आठवड्याची मेहनत वाया.

दुखणं राहिलंच तर

वाट तीन महिने बघायची नाही, सहा आठवडेच बघायची. जळजळ, करंट बसल्यासारखी चमक, मुंग्या, टोचणी, कपडा लागला तरी झोंबणं, ही सगळी नसेच्या दुखण्याची लक्षणं. अशा दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक चालत नाहीत, आणि बायका महिनोन् महिने त्याच गोळ्या खाऊन पोट बिघडवून घेतात. इथे रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून, किंवा गॅबापेन्टिन, प्रेगाबालिन कमी मात्रेपासून सुरू करून दर आठवड्याला वाढवतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका, आणि चालू असलेली गोळी एकदम बंदही करू नका. लिग्नोकेनची चिकटपट्टी अखंड कातडीवर लावता येते. एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ उठत असेल, तर भूलतज्ज्ञ किंवा वेदनातज्ज्ञ तिथे इंजेक्शन देऊ शकतात.

सगळंच दुखणं ऑपरेशनचं नसतं. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने हाता-पायांची बोटं बधिर होतात. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल या हार्मोनवरच्या गोळ्यांनी सकाळी बोटांचे सांधे आणि गुडघे आखडतात. त्यावर रोजचं चालणं आणि व्यायाम उपयोगी पडतो, गोळी मनाने बंद करायची नाही. पण नवीनच सुरू झालेलं आणि वाढत जाणारं हाडाचं दुखणं, व्रणावर नवी गाठ, हाताची अचानक सूज, मुठीची ताकद कमी होणं, यांसाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका.

वेदनातज्ज्ञाकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, गाठीचा तपासणी अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, नुसती नावं नकोत. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवरची गोळी चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. नसेच्या दुखण्यावर किंवा उदासीवर दिली जाणारी काही औषधं, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन जास्त, ड्युलॉक्सेटिन काही प्रमाणात, यकृतात टॅमॉक्सिफेनचं सक्रिय रूप तयार होण्यात अडथळा आणतात. अशा वेळी डॉक्टर व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन निवडतात.